वाकडी फुली

कास्यान सकाळची कॉफी तशीच गार होऊ देऊन बंदूक घेऊन खिडकीत बसला, तेव्हाच मी ओळखलं, फुली पुन्हा वाकडी झाली.

फुली म्हणजे त्याच्या बंदुकीवरच्या दुर्बिणीतली. आत डोळा लावला की एक उभी आणि एक आडवी बारीक काळी रेघ दिसते. त्या दोघी जिथं छेदतात तिथं जनावर आणायचं आणि बोट दाबायचं. माझ्या नवऱ्याचं उभं आयुष्य त्या छेदावर गेलं आहे. तो पगारी शिकारी आहे. आमच्या दरीच्या टोकाचं सगळं रान ऱ्हाइनकाठच्या एका डॉक्टर वेनिंगांनी शिकारीसाठी भाड्याने घेतलं आहे. कसले डॉक्टर ते देव जाणे, औषधाचे तरी नक्की नाहीत. ते वर्षातून दोनदा येतात आणि बाकीचे दिवस फोनवरून आम्हाला शिकवतात, उंटावरून शेळ्या हाकाव्यात तसे. हरणं किती, त्यातली मारायची कुठली आणि राखायची कुठली, बर्फात गवत कुठं टाकायचं, हे सगळं कास्यान बघतो. आम्ही राहतो ते घरही त्या रानाबरोबरचंच. नोकरी आहे तोवर घर आहे.

"बुर्गी, इकडं ये. बघ जरा."

मी हात पुसून गेले. दुर्बिणीतून समोरच्या कड्यावरचा लाकडी क्रूस दिसत होता आणि त्यावर फुली. दोन्ही रेघा सुतासारख्या सरळ.

"सरळ आहे."

"नीट बघ. उभी रेघ. मधोमध."

"नीटच बघते आहे. सरळ आहे, कास्यान."

"तुला काय कळतंय त्यातलं!"

"कळत नाही तर मग हाक कशाला मारतोस? कुत्रीला दाखव. तिचा डोळा तरी शिकारी आहे."

फिना, आमची माग काढणारी कुत्री, चुलीपाशी झोपली होती. आपलं नाव न घेताही तिला कळलं आणि तिने शेपूट एकदा जमिनीवर आपटली. कास्यान हसला नाही. पूर्वी असल्या बोलण्यावर तो हमखास हसायचा.

हे मे महिन्यात सुरू झालं. हंगाम उघडायच्या आधी आमच्याकडचा प्रत्येक शिकारी मैदानावर जाऊन पुठ्ठ्यावर दोन-तीन गोळ्या झाडतो आणि बंदूक तपासून घेतो. कास्यान गेला आणि तोंड पाडून परत आला. फुलीची उभी रेघ मधोमध वाकली आहे, म्हणाला, पोटात कळ आलेल्या माणसासारखी. मी तेव्हाही आत बघितलं होतं आणि तेव्हाही रेघ सरळच होती. आणि असलं बोलणं मी आधी ऐकलं होतं. माझी आई म्हणायची, स्वयंपाकघराच्या खिडकीची चौकट वाकली आहे, सुताराला बोलवा. सुतार आला, ओळंबा लावून गेला. पुन्हा बोलावलं, पुन्हा ओळंबा लावून गेला. शेवटी आला तेव्हा आईला सुताराचं तोंडच दिसेना. मग डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागच्या पडद्यात मधोमध पाणी झिरपलं आहे, चौकट वाकली तेव्हाच आणायचं होतं. आता यावर इंजेक्शनं निघाली आहेत, वेळेत टोचली तर डोळा राहतो.

हे सगळं मी कास्यानला सांगितलं. लपवून ठेवणारी बाई मी नव्हे.

"म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणायचंय तुला?"

"अगदी तसंच. डावा डोळा झाक आणि दाराच्या चौकटीकडं बघ. लगेच कळेल."

"मी काय शाळेतलं पोर आहे, डोळे झाकून दाखवायला? डोंगरावरून खालचं हरीण मोजतो मी!"

मोजतो, पण दोन डोळ्यांनी. हातातली दुर्बीण दोन डोळ्यांची. तिपाईवरच्या मोठ्या दुर्बिणीला एकच डोळा लागतो खरा, पण तिच्यात फुली नसते, आणि आमचे डोंगर मुळातच वाकडे. उजवा डोळा एकटा असा सरळ रेघेला भिडतो तो फक्त बंदुकीवर. म्हणून रोग डोळ्यात आणि आळ बंदुकीवर. आणि तो डोळा झाकून का बघत नाही तेही मला ठाऊक होतं. तो घाबरला होता.

मग दुर्बीण कारखान्यात गेली. कारखाना खाली, इन नदीच्या मोठ्या दरीत. त्यांच्या दुर्बिणी राजेलोक वापरतात आणि पगारी शिकारी वापरतात. राजांना परवडतात म्हणून, आणि आम्हाला मालक घेऊन देतो म्हणून. वॉरंटी असते, पण वॉरंटी नुसती नावाला. ती संपली तरी, चूक गिऱ्हाइकाची असली तरी, तिथं कुणाला नाही म्हणत नाहीत. शेजारच्या दरीतल्या एकाने आपल्या दुर्बिणीवरून ट्रॅक्टर नेला, तर त्याला नवी दुर्बीण मिळाली आणि वर ट्रॅक्टरला काही झालं नाही ना, अशी चौकशीही झाली. आमच्या अख्ख्या टिरोल प्रांतात त्यांच्या चांगुलपणाचे गोडवे गातात. मीही गायचे.

कास्यानची दुर्बीण आतली फुली नवी बसवून परत आली. सोबत काच पुसायचं एक मऊ फडकं. ते फडकं त्याने माझ्या नाकासमोर नाचवलं.

"आता बोल! काही बिघडलंच नव्हतं, तर बदलली कशाला? ती माणसं काय खुळी आहेत? एवढी महागाची वस्तू कुणी उगाच उघडेल?"

माझ्या आईची खिडकी एकीकडं आणि जगात नावाजलेला कारखाना दुसरीकडं. माझं कोण ऐकणार?

नवी वस्तू चार दिवस नवीच दिसते. फुली थोडे दिवस सरळ राहिली, मग पुन्हा वाकली. या वेळी त्यांनी अख्खी दुर्बीणच नवी पाठवली. आमच्याकडं फडकी दोन झाली. मी पुन्हा डोळ्याचं काढलं, तर तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला, "दोनदा! दोनदा त्यांनी कबूल केलं! आणि तू अजून माझ्या डोळ्यावर टपलेली!"

मग ऑगस्ट आला. एका म्हाताऱ्या डोंगरबकऱ्यावर त्याने गोळी झाडली आणि ती खांद्यामागं लागायची ती पोटात लागली. बकरा जखमी होऊन कड्यांत शिरला, अंधार पडला, आणि सकाळी फिनाने माग काढून दाखवेपर्यंत तो तिथं जिवंत पडून होता. आमच्या शिकारी लोकांची भाषा निराळी. जनावराच्या रक्ताला ते घाम म्हणतात आणि डोळ्यांना दिवे. कास्यान घरी आला, बूट न काढता बाकावर बसला आणि म्हणाला, "त्याचे दिवे उघडे होते, बुर्गी. माझ्याकडं बघत होता." मेलेल्या जनावराच्या तोंडात शेवटचा घास म्हणून हिरवी डहाळी ठेवायची रीत आहे, ती त्याने ठेवली होती. मारणाऱ्याने आपल्या टोपीला दुसरी डहाळी खोवायची असते, ती मात्र त्याने तोडली नव्हती. त्या दिवसापासून त्याची टोपी खुंटीला होती.

डॉक्टर वेनिंगांना कळवावं लागलंच. ते म्हणाले, या हंगामात पुन्हा असं झालं तर आपल्याला बसून बोलावं लागेल. मोठ्या माणसांचं बसून बोलणं म्हणजे काय, ते दुसऱ्याच्या घरात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

आणि आता सप्टेंबर सरत आला होता. माजावर आलेली हरणं रोज सकाळ-संध्याकाळ डोंगर दणाणून सोडत होती. शनिवारी डॉक्टर वेनिंग पाहुणे घेऊन येणार होते. पाहुण्याची गोळी चुकली, जनावर जखमी झालं, तर ते पडेपर्यंत दुसरी गोळी घालायची ती कास्यानने. ती चुकून चालत नाही.

"मी आज स्वतः कारखान्यात जातो," तो म्हणाला. "तसा फोन करतो. पोस्टाने पाठवायला आता वेळ नाही."

"गाडी मी चालवते," मी म्हटलं.

त्याला वाटलं, बायको वठणीवर आली. माझ्या मनात दुसरंच होतं. कारखान्यावरून तोच रस्ता पुढं इन्सब्रुकला जातो आणि इन्सब्रुकच्या मोठ्या हॉस्पिटलात डोळ्यांचा विभाग आहे. त्याचं विम्याचं कार्ड मी आधीच पर्समध्ये टाकलं होतं. मला फक्त एका गोष्टीची गरज होती. त्या कारखान्यातल्या एका माणसाने एकदा तरी त्याला नाही म्हणावं.

सर्व्हिसची खोली म्हणजे एखाद्या चांगल्या हॉटेलसारखी. भिंतीवर शिंगं, खाली गालिचा, टेबलावर कॉफी आणि जर्दाळूचा केक. तिथं चिडून आलेल्या माणसालाही आधी केक देतात. तोंड भरलेलं असलं की भांडता येत नाही. काउंटरमागं मोल्कसाहेब होते, आमच्याच वयाचे, पांढरा कोट घातलेले, चेहऱ्याने इतके सज्जन की मला बघूनच राग आला.

"या, या, कास्यानसाहेब! पुन्हा त्रास झाला ना आमच्यामुळं?"

आमच्यामुळं!

कास्यान पिशवीची चेन उघडायला लागला, पण मोल्कसाहेबांनी हाताने त्याला थांबवलं. "राहू द्या, काढूसुद्धा नका. तुमचा फोन आला तेव्हाच मी नवी काढून ठेवली. वरचा नमुना आहे, यंदाचाच." आणि त्यांनी काउंटरखालून हिरवा खोका काढून ठेवला. खोक्यावर घडी घातलेलं मऊ फडकं.

कास्यानचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांत मी त्याला तसा बघितला नव्हता. आणि तरी मी पुढं होऊन त्या खोक्यावर हात दाबून धरला.

"देऊ नका."

"बुर्गी!"

"देऊ नका म्हणते ना! मोल्कसाहेब, मे महिन्यात तुम्ही याची दुर्बीण तपासायच्या यंत्रावर लावली होती का?"

"अर्थात. प्रत्येक दुर्बीण लावतो."

"मग काय निघालं तिच्यात?"

मोल्कसाहेबांनी कॉफीच्या यंत्राकडं बघितलं. "बाईसाहेब, गिऱ्हाईक म्हणतं त्यात तथ्य असतं, असं आम्ही धरून चालतो."

"गिऱ्हाईक काय म्हणालं ते मला पाठ आहे. यंत्र काय म्हणालं?"

"बुर्गी, गप्प बस," कास्यान म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "माफ करा साहेब, हिला कशातलं काही कळत नाही."

"तुम्ही मूळचे कुठले, मोल्कसाहेब?" मी विचारलं.

"काउनरच्या दरीतला. अगदी वरच्या टोकाचा."

"वाटलंच मला. म्हणजे शिकारीला जात असणार."

"जातो की."

"मग वरच्या माणसासारखं बोल. नाव काय तुझं?"

आमच्याकडं म्हणतात, हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना तू. खाली दरीत साहेब-बाईसाहेब चालतं, वर डोंगरात देवालासुद्धा कुणी तुम्ही म्हणत नाही. मोल्कने खोक्यावरचं फडकं उगाच नीट केलं आणि म्हणाला, "सेराफिन."

"सेराफिन, माझी आई याच रोगाने आंधळी झाली. याच्या दुर्बिणीत मे महिन्यात किंवा पुढच्या खेपेला, कधी काही बिघाड होता का?"

"नाही," तो हळू म्हणाला. "काहीच नव्हता. एकदाही नव्हता."

कास्यानने काउंटरची कड धरली. "मग फुली बदललीस कशाला?"

"तू पगारी शिकारी आहेस, कास्यान. तू म्हणालास वाकडी, तर मी तुला काय सांगू, तुलाच दिसत नाही म्हणून? आम्ही कुणालाच 'बिघाड नाही' असं कळवत नाही. माणसाला लागतं ते. तपासून नवी केली, असं कळवतो. तशीच पद्धत आहे."

भीड भिकेची बहीण म्हणतात. इथं भीड त्यांची होती आणि भीक आमच्या दारात आली होती.

"लाव यंत्रावर," कास्यान गुरगुरला. "माझ्यासमोर लाव. मी बघतो आणि दाखवतो तुम्हा दोघांना."

मागच्या खोलीत एक लांब टेबल होतं. एका टोकाला दुर्बीण पकडायची पकड, दुसऱ्या टोकाला एक नळी आणि नळीच्या आत उजेडाची हिरवी फुली. दुर्बिणीतली काळी फुली त्या हिरव्या फुलीवर बसते की नाही ते बघायचं, एवढंच ते यंत्र. सेराफिनने आमची दुर्बीण पकडीत अडकवली, आधी स्वतः बघितलं, मग मला बघू दिलं. काळी रेघ हिरवीवर तंतोतंत बसली होती. मग कास्यान स्टुलावर बसला, डावा डोळा मिटला आणि उजवा लावला.

"वाकडी!" तो ओरडला. त्या आवाजात आनंद होता. "वाकडी आहे! दोन्ही वाकड्या! मी सांगत होतो!"

"दोन्ही?" सेराफिनने विचारलं.

"काळी आणि हिरवी. मधोमध. अशी."

त्याने हवेत बोटाने फुगवटा काढून दाखवला. सेराफिनने माझ्याकडं बघितलं. मग त्याने पकड सैल केली, दुर्बीण बाहेर काढून बाजूला ठेवली आणि म्हणाला, "आता बघ. डावा डोळा तसाच मिटलेला ठेव. मध्ये आता काहीच नाही, नुसती नळी आहे."

कास्यानने बघितलं. बराच वेळ बघत राहिला.

"तुझी नळी वाकडी आहे," तो म्हणाला.

"बरं. भिंतीकडं बघ. फरश्या आहेत."

"फरश्या वाकड्या बसवल्यात."

"कास्यान," मी म्हटलं.

"पाया खचला असेल! नदीकाठची जमीन आहे ही, इथं पाया खचतो!" तो स्टुलावरून उठला आणि एक डोळा तसाच मिटून त्या खोलीत गोल फिरला. दाराकडं बघितलं, कपाटाकडं बघितलं, खिडकीच्या गजांकडं बघितलं. मला ते पाहवेना. मोठा दांडगा माणूस, कड्यावरून बकरा पाठीवर घालून उतरणारा, आणि पिंजऱ्यात सापडल्यासारखा एका खोलीत सरळ रेघ शोधत होता. एकही सापडली नाही. मग त्याने दुसरा डोळा उघडला आणि पुन्हा स्टुलावर बसला.

मला वाटलं, सुटलो. आता उठेल आणि म्हणेल, चल इन्सब्रुकला.

तो सेराफिनला म्हणाला, "तरी पण तू लिहून दे."

"काय लिहून देऊ?"

"काच खराब होती म्हणून. मे महिन्यापासून खराब होती. तो बकरा काचेमुळं तसा मेला." तो रडायला लागला. "सेराफिन, तू शिकारी आहेस. तुला ठाऊक आहे. रात्रभर पडला होता तो. तो माझ्यामुळं नाही मेला तसा, एवढं लिही. डॉक्टर वेनिंगला दाखवायला नको, नोकरी जाईना का, मला दे. आणि ती नवी दे. वरचा नमुना. तिच्यात जमेल मला. शनिवारपर्यंत जमेल."

मी सेराफिनकडं बघत होते. सगळं त्याच्या डोळ्यांदेखत झालं होतं. आता तरी, मी मनात म्हणत होते, आता तरी म्हण. एक शब्द आहे.

त्याचे डोळे भरून आले होते. तो वाईट माणूस मुळीच नव्हता, आणि तीच तर अडचण होती. त्याने काउंटरवरून खोका आणला आणि कास्यानच्या मांडीवर ठेवला.

"घे," म्हणाला. "कागद पोस्टाने पाठवतो."

"देवा!" मी ओरडले. "पुन्हा? सगळं बघूनसुद्धा?"

"बुर्गी, मी काय करू? रडतो आहे गं तो."

"मग रडू दे ना! रडल्याने डोळा जात नाही! तुमच्या या खोक्यांनी जातो!"

कास्यान खोका काखेत धरून उठला आणि माझ्याकडं न बघता दाराबाहेर गेला.

गाडीत बसल्याबरोबर त्याने खोका फोडला. नवी दुर्बीण काढली आणि काचेतून समोरच्या कारखान्याच्या चिमणीकडं रोखली. उजवा डोळा लावला.

"सरळ आहे," म्हणाला.

"खोटं बोलू नकोस."

"सरळ आहे. चल घरी."

कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडलं की डावीकडं आमचा रस्ता आणि उजवीकडं इन्सब्रुक. मी उजवीकडं वळले.

"बुर्गी, गाडी फिरव."

मी फिरवली नाही.

"संध्याकाळी मोठं हरीण कुरणावर उतरतं. मला वर असायला हवं. शनिवारी ते आले आणि मी म्हटलं की मी डोळ्याच्या दवाखान्यात होतो, तर आपण हिवाळ्यात कुठं राहणार? तुझ्या बहिणीच्या माळ्यावर? फिनाला घेऊन?"

"हो, माळ्यावर."

"फिरव म्हणतो ना! नाहीतर दार उघडून उतरतो!"

"उतर. आणि पायी जा घरी. रस्त्याची पांढरी रेघ धरून जा, बघू सरळ जातोस का." मला हे बोलायचं नव्हतं. पण मी भीतीने वेडी झाले होते आणि भ्यायले की माझी जीभ अशीच चालते.

पुढं सिग्नल लाल होता. मी थांबले. त्याने खरंच दाराच्या कडीला हात घातला होता. मी त्याच्याकडं वळून बघितलं. तोही वळला. काय त्याच्या मनात आलं कोण जाणे, त्याने कडीवरचा हात काढला, त्याच हाताने डावा डोळा झाकला आणि उजव्याने माझ्याकडं बघितलं.

तो कितीतरी वेळ बघत होता. सिग्नल हिरवा झाला, मागच्या गाडीने भोंगा वाजवला.

"बुर्गी," तो म्हणाला, "तुझं तोंड कुठं आहे?"

मी गाडी हाकली. भोंगा वाजत होता, मी रडत होते आणि तो तसाच हात डोळ्यावर ठेवून माझ्याकडं वळून बसला होता. "केस दिसतात," म्हणाला. "कानातलं दिसतं. मधे काही नाही. मधे राखाडी आहे." मग स्वतःशीच बोलल्यासारखा: "उजवा दिवा गेला."

घरी जायचं त्याने पुन्हा काढलं नाही.

हॉस्पिटलात त्यांनी डोळ्यात थेंब टाकले, यंत्रापुढं हनुवटी टेकवायला लावली, आणि मग एका लहान खोलीत आम्हाला बसवलं. कास्यानने नव्या दुर्बिणीचा खोका गाडीत ठेवू दिला नव्हता. तो त्याच्या मांडीवर होता. थेंबांनी डोळ्यातून पाणी येत होतं आणि तो खोक्यावरच्या मऊ फडक्याने ते पुसत होता. मी त्याला रुमाल दिला, तो त्याने घेतला नाही.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि त्यांनी काही झाकून ठेवलं नाही. उजव्या डोळ्याच्या मधोमध आता व्रण धरला आहे. इंजेक्शन देऊ, पुढं पसरू नये म्हणून, पण जे गेलं ते परत येणार नाही. डावा चांगला आहे, त्याला जपायचं, रोज एकेक डोळा झाकून चौकटीकडं बघायचं आणि जराही वाकडं दिसलं तर त्याच दिवशी यायचं.

"याने बंदूक...?" मी विचारलं.

"उजव्या डोळ्याने नाही," त्या म्हणाल्या.

नाही. शेवटी तो शब्द एकाने म्हटला. कास्यानने मान हलवली, जणू त्याला बाजारभाव सांगितला होता.

"कधीपासून होतंय हे?" बाईंनी विचारलं.

"मे महिन्यापासून."

"मे?" त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि ते मला रागापेक्षा जास्त लागलं. "तेव्हा आला असतात तर आपण हा डोळा वाचवला असता. एवढे दिवस कसे काय थांबलात तुम्ही? कुणी काही बोललं नाही?"

कास्यानने माझ्याकडं बघितलं, दोन्ही डोळ्यांनी. मग त्याने ते ओलं फडकं घडी घालून खोक्यावर ठेवलं, जसं ते आधी होतं तसं.

"ही बोलली," तो म्हणाला. "पण बाकी सगळे माझ्याशी फार चांगले वागले हो."